दोन जुन्या गाड्या, दोन जमाने: कुठली घ्यायची ते कसं ठरवायचं

जुनी गाडी घ्यायची ठरली की माणूस महिनोन्‌महिने फोटो बघत बसतो आणि शेवटी मनात दोनच उरतात, एक दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची आणि एक साठ-सत्तरच्या दशकातली, मग जो भेटेल त्याला विचारत सुटतो की यातली भारी कुठली. दोन्ही भारी असतात हो. विचारायचं असेल तर हे विचारा की यातल्या कुठल्या जमान्याची कटकट मला आवडीने करता येईल. कटकट दोन्हीकडे आहे, फक्त जात वेगळी आहे, आणि ती कुठल्या जातीची असणार हे गाडीच्या कंपनीपेक्षा तिच्या सालावर जास्त ठरतं.

हवेत बोलण्यापेक्षा दोन खऱ्या गाड्या धरून बोलू. एक फोर्ड मॉडेल ए, १९२८ ते १९३१ मॉडेलची, आणि दुसरी एमजीबी, म्हणजे १९६२ ते १९८० पर्यंत बनलेली ती बुटकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. याच दोन का, तर दोन्ही ढिगाने बनल्या, मॉडेल ए ४८ लाखांच्या वर आणि एमजीबी पाच लाखांच्या वर, त्यामुळे आजही विकायला येतात, पार्ट मिळतात, आणि दोघींच्या खोडी जगजाहीर आहेत. तुमची जोडी वेगळी असेल, ऑस्टिन सेव्हन आणि बीटल असेल किंवा आणखी काही, तरी बघायची पद्धत हीच.

जाता जाता, "व्हिंटेज" शब्द सगळे सरसकट वापरतात पण ब्रिटनच्या व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लबच्या हिशोबाने १९१९ ते १९३० मधलीच गाडी व्हिंटेज, म्हणजे मॉडेल ए मध्येसुद्धा १९३० ची व्हिंटेज आणि १९३१ ची नाही, गाडी तीच. फिवा ही आंतरराष्ट्रीय संघटना ३० वर्षांपुढची, मूळ रूपात सांभाळलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक धरते. रॅलीत किंवा शोमध्ये भाग घ्यायचा असेल तर तिथली व्याख्या आधी वाचा, नाहीतर गाडी घेतल्यावर कळतं की आपण भलत्याच गटात आहोत.

आधी रस्ता, मग गाडी

तुम्ही गाडी कुठे चालवणार? स्वप्नातला घाटरस्ता सोडा, घरातून निघाल्यावर पहिले दहा किलोमीटर कसे आहेत ते सांगा. मॉडेल ए चं इंजिन ३.३ लिटरचं पण ताकद फक्त ४० हॉर्सपॉवर, ती ताशी शंभरच्या आसपास जाऊ शकते खरी पण तिला आणि तुम्हाला दोघांना सुख लागतं ते साठ-सत्तरला. शांत, दोन पदरी, कडेला झाडं असलेला रस्ता असेल तर यापेक्षा मजा नाही. पण घरातून बाहेर पडल्या पडल्या हायवे असेल, जिथे ट्रकसुद्धा नव्वदने मागे चिकटतो, तर चार रविवारनंतर तुम्ही गाडी काढायचंच बंद कराल आणि मग ती कव्हरखाली बसून बसून खराब होणार, उभ्या गाडीसारखी लवकर बिघडणारी दुसरी गाडी नाही.

एमजीबी १.८ लिटर, ९५ हॉर्सपॉवर, चार गिअर, बऱ्याच गाड्यांना ओव्हरड्राइव्ह (इंजिन कमी फिरवून तोच वेग देणारा जादाचा गिअर) पण असतो, ती आजच्या ट्रॅफिकमध्ये शंभरने आरामात चालते. आवाज असतो, वारा असतो, पण आपण कुणाच्या मध्ये आलोय असं वाटत नाही. हा फरक कागदावर छोटा दिसतो पण गाडी किती वापरली जाईल ते यावरच ठरतं.

पार्किंगची जागा पण आत्ताच मोजा. मॉडेल ए ची बंद बॉडी साधारण १.८ मीटर उंच, एमजीबी सव्वा मीटरच्या आसपास. आणि दोन्हीत स्वतः बसून बघा, खरंच बसून, कारण मॉडेल ए मध्ये पुढची सीट आणि ते भलंमोठं स्टेअरिंग यांच्यात उंच माणसाचे गुडघे अडकतात, आणि एमजीबी इतकी खाली आहे की कंबर धरलेल्या माणसाला आत जाणं एकवेळ जमतं, बाहेर येणं हा कार्यक्रम होतो. घरातले किती जण बरोबर येणार हाही प्रश्न आहे. एमजीबी म्हणजे दोन माणसं, बंद टपाच्या जीटी मॉडेलला मागे सीट आहे पण तिथे पिशवी बसेल, मोठा माणूस नाही. मॉडेल ए ची चार सीटची बॉडी घेतली तर अख्खं कुटुंब मावतं, पण सीटबेल्ट नाहीत, लहान मुलं असतील तर याचा विचार तुम्हीच करा.

चालवायला काय लागतं

इथे जमान्याचा फरक थेट हातापायात उतरतो. मॉडेल ए चालू करायची पद्धत बघा. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, टाकी डॅशबोर्डच्या पुढे म्हणजे जवळजवळ तुमच्या मांडीवरच आहे आणि पेट्रोल पंपाशिवाय स्वतःच्या वजनाने खाली कार्ब्युरेटरला येतं. मग स्टेअरिंगच्या डाव्या बाजूची दांडी पूर्ण वर, म्हणजे स्पार्क उशिरा, उजवीकडची दांडी थोडी खाली, म्हणजे थोडा थ्रॉटल. चोकची कांडी ओढायची, तीच कांडी फिरवली की मिक्श्चर कमी-जास्त होतं. चावी, आणि मग पायाने जमिनीवरचा स्टार्टर दाबायचा. इंजिन धरलं की डावी दांडी हळूहळू खाली आणायची. ती वर करायला विसरून स्टार्टर मारलात तर इंजिन उलटा झटका देतं आणि स्टार्टरचा बेंडिक्स, म्हणजे स्टार्टरला इंजिनाशी जोडणारा भाग, तुटू शकतो. हे सगळं वाचून कंटाळा आला असेल तर उत्तर मिळालंच तुम्हाला. आणि वाचताना हात शिवशिवले असतील तरी उत्तर मिळालं.

गिअर तीनच, पण सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. म्हणजे डबल क्लच. वर जाताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, परत दाबून पुढचा गिअर. खाली येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना अॅक्सिलरेटर दाबून इंजिनचा वेग जुळवायचा आणि मग गिअर. चुकलं की खरखर अख्ख्या गल्लीला ऐकू जाते. शिकायला अवघड नाहीये, पण ट्रॅफिकमध्ये, चढावर, मागे हॉर्न वाजत असताना करायला जीव मुठीत येतो. एमजीबीला वरच्या तीन गिअरना सिंक्रोमेश सुरुवातीपासून आहे आणि १९६७ च्या मार्क टू या सुधारित मॉडेलपासून पहिल्या गिअरलाही आला. आज चालवणारा कुणीही दहा मिनिटांत तिला सरावतो, फक्त पॉवर स्टेअरिंग नाही हे हाताला जाणवतं.

ब्रेकबद्दल लोक मॉडेल ए ला उगाच बदनाम करतात. चारही चाकांना ब्रेक आहेत, फक्त ऑइल नाही, पायापासून ड्रमपर्यंत सगळं लोखंडी सळ्यांवर आणि लिव्हरवर. चारही चाकं सारखी अॅडजस्ट केलेली असतील आणि सांधे झिजलेले नसतील तर गाडी व्यवस्थित थांबते. गोची ही की हे "असतील तर" तुमच्याच हातात राहतं, एक चाक आधी धरायला लागलं की गाडी तिकडे ओढते आणि मग गाडीखाली झोपून परत सगळं जुळवायचं. शिवाय टायर अरुंद, त्यामुळे पुढच्या गाडीपासून अंतर दुपटीने ठेवायची सवय लावावी लागते. एमजीबीला पुढे डिस्क, मागे ड्रम, हायड्रॉलिक. तिथली खोड वेगळी, वर्षभर उभी राहिलेल्या गाडीचे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात आणि रबरी होज आतून फुगतात, बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं.

दुरुस्तीत मात्र गणित उलटं होतं

आता जे सांगतोय ते बहुतेक लोक उलटं समजून चालतात. सगळ्यांना वाटतं की गाडी जितकी जुनी तितकी सांभाळायला अवघड. चालवायला एमजीबी सोपी आहे, मान्य, पण खोलायला आणि परत बसवायला मॉडेल ए सोपी आहे. कारण तिला वेगळी चेसिस आहे, शिडीसारखी, त्यावर इंजिन, त्यावर बॉडी, सगळं नटबोल्टवर. मडगार्ड सडलं तर मडगार्ड काढा आणि दुसरं लावा. बोनेटच्या बाजू उघडल्या की इंजिन उघडं समोर, हाताला सगळं लागतं. प्लगला वायरसुद्धा नाहीत, डिस्ट्रिब्युटरपासून प्लगपर्यंत धातूच्या चपट्या पट्ट्या आहेत, दिसायला इतकं साधं की हसू येतं (चालू इंजिनवर हात लावू नका मात्र, चांगलाच झटका बसतो).

एमजीबी मोनोकॉक आहे. तिला चेसिस नाही, पत्र्याची पेटीच गाडीचं वजन पेलते. दरवाज्याखाली जो लांब सिल आहे तो नुसता दिखाव्याचा पत्रा नाही, उघड्या टपाच्या गाडीत तर तीच तिची कंबर आहे. तो आतून सडला की गाडी मधून वाकायला लागते. आणि तो एक पत्रा नाही, बाहेरचा सिल, मधला उभा पडदा आणि आतला भाग असे तीन थर आहेत, त्यातला बाहेरचा तेवढा नवीन लावून, वर चकचकीत पेंट मारून गाडी विकायला काढणारे पुष्कळ आहेत. वरून कीर्तन आतून तमाशा.

म्हणून इंजिन खराब असलेली एमजीबी परवडते, पत्रा खराब असलेली नाही. मॉडेल ए मध्ये बऱ्याच वेळा उलटं, पत्र्याची भीती कमी आणि इंजिनच्या आतल्या बेअरिंगची जास्त. दोन गाड्या बघायला जाताना दोन वेगळे डोळे घेऊन जायचं.

मॉडेल ए बघताना

थंड इंजिनवर जायचं. मालकाला आधीच सांगायचं की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका, आणि पोचल्यावर बोलता बोलता बोनेटवर हात ठेवायचा. गरम असेल तर काहीतरी लपवायचंय असं समजा, निदान शंका तरी धरा.

मॉडेल ए च्या क्रँकची आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग आजच्यासारखी सुटी शेल नाहीत, बॅबिट म्हणजे व्हाइट मेटल वितळवून थेट जागेवर ओतलेलं असतं. ते झिजलं किंवा तडकलं की ओतून, मशीनवर कापून परत बसवणारा कारागीर लागतो, आणि असे कारागीर कमी राहिलेत. म्हणून इंजिन चांगलं गरम झाल्यावर कान लावून ऐका. हळू चालताना ठोका ऐकू येतोय का, अॅक्सिलरेटर थोडा दाबून पटकन सोडला की ठोका वाढतोय का. मेकॅनिकला बरोबर न्या, तो इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकेक प्लग शॉर्ट करून बघेल, एखादा प्लग बंद केल्यावर ठोका गेला किंवा कमी झाला तर त्या सिलिंडरचा रॉड बोलतोय. काही लोकांनी आधुनिक शेल बेअरिंग बसवून घेतलेली असतात, ओरिजिनॅलिटीवाले नाकं मुरडतील पण वापरायच्या गाडीत मला तरी ते चालेल, फक्त काम कुणी केलं त्याचं बिल दाखवा म्हणायचं.

ऑइल प्रेशरचा काटा शोधत बसू नका, मूळ गाडीत नाहीच. अॅम्पिअर मीटर, स्पीडोमीटर आणि पेट्रोलचा गेज, संपलं. ऑइल फिल्टर पण नाही, त्यामुळे दर आठशे किलोमीटरला ऑइल बदलायचं हा नियम, आणि मालकाला सहज विचारा की ऑइल शेवटचं कधी बदललं, तो आठवायला लागला की पुढचं समजून घ्या.

मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. आत गंज असेल तर तो सुटून खाली कार्ब्युरेटरला येणार, तुम्ही कितीही वेळा साफ करा, परत येणारच. ती टाकी बॉडीचाच भाग आहे, बदलणं म्हणजे समोरचा अर्धा संसार हलवणं.

दरवाजे. दरवाजा अर्धा उघडा, टोकाला धरून हळूच वर उचला. बिजागरी झिजली असेल तर नुसता खुळखुळेल, ते ठीक आहे. पण दरवाज्याबरोबर खांबच हलतोय, किंवा बंद करताना दरवाजा उचलून लावावा लागतोय तर आतलं लाकूड बघा. मॉडेल ए च्या काही बॉडी प्रकारांत पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा बराच आहे, काहींत अगदी थोडा. त्या काळातल्या दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत तर सर्रास. लाकूड कुजलं असेल तर ते सुताराचं काम आहे, मेकॅनिकचं नाही, आणि सुतारही असा की ज्याला गाडीची गोलाई जमते. मघाशी म्हटलं ना की जुनी गाडी दुरुस्तीला सोपी, ते या ठिकाणी लागू होत नाही.

स्टेअरिंगला थोडी ढील असणारच, पण चाक हललं न हललं तोवर स्टेअरिंग पाव वळसा फिरत असेल तर बॉक्स झिजलाय. इंजिन थोडं ऑइल गाळेल, त्याचं टेन्शन घेऊ नका.

एमजीबी बघताना

कपड्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. सिलवर, मागच्या चाकाच्या कमानीवर, पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला लावून बघा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. दरवाज्याच्या वरच्या कडेला, छोट्या त्रिकोणी काचेच्या खाली, पत्र्याला भेग जाते, ही एमजीबीची प्रसिद्ध खोड आहे, त्यावरून सौदा मोडू नका.

खरी परीक्षा ही. दोन्ही दरवाज्यांची फट आधी डोळ्याने बघा, मागच्या बाजूची, वरपासून खालपर्यंत सारखी आहे का. मग मालकाची परवानगी घेऊन गाडीच्या मूळ जॅक पॉइंटवर जॅक लावा आणि एक बाजू उचला. फट बदलली, वर जाऊन चिकटायला लागली, दरवाजा घासायला लागला तर कंबर गेलेली आहे. जॅक पॉइंटच दाबला जाऊन आत जायला लागला तर जॅक खाली घ्या, चहा झाला असेल तर आभार माना आणि निघा. मालक जॅक लावूच देत नसेल तरी निघा.

सीटच्या मागे चटई उचलली की बॅटरीचं झाकण. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तिथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून बारा केलेले असतात, आणि त्यांच्या पेट्या अॅसिडने आणि पाण्याने सडलेल्या असतात. खाली रस्ता दिसत असेल तर ते काम वाढवून धरा. ते दुरुस्त होतं, पण त्यावरून मालकाने गाडी कशी ठेवलीये ते कळतं.

इंजिन टणक आहे. १९६४ च्या शेवटापासून क्रँकला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आली, ती घेणं शहाणपणाचं. गरम इंजिन, रस्त्यावर चालत असताना ऑइल प्रेशर पन्नास पीएसआयच्या वर पाहिजे, काटा वीस-पंचवीसवर लोळत असेल तर इंजिन खोलायची तयारी ठेवा. किंगपिनना, म्हणजे पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या खिळ्यांना, साधारण पाच हजार किलोमीटरला ग्रीस लागतं, ते कुणी देत नाही, म्हणून पुढचं चाक उचलून वरून-खालून धरून हलवा, खडखड आली तर किंगपिन गेले. तारांची चाकं असतील तर हबवरच्या दात्या बघा, गाडी पुढे घेताना आणि रिव्हर्सला टाकताना मागून "टक" असा आवाज आला तर दात्या झिजल्यात. ओव्हरड्राइव्हचा स्विच टाकल्यावर इंजिनचे आरपीएम पडले पाहिजेत, आणि काढल्यावर लगेच वाढले पाहिजेत. पेट्रोल पंप मागे आहे, चावी फिरवल्यावर टकटक करतो आणि मग थांबतो. थांबत नसेल तर पेट्रोल संपलंय किंवा कुठून तरी हवा घेतोय. अजिबात वाजत नसेल तर त्याच्या पॉइंटवर काजळी आहे, त्याला स्पॅनरच्या मुठीने हळूच टोला मारून घरी आलेले लोक कमी नाहीत.

१९७४ च्या शेवटापासून अमेरिकेच्या नियमांपायी काळे रबरी बंपर आले आणि गाडी उंच केली, त्यात पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी झुकू न देणारी दांडी) पण काही काळ काढून टाकला, त्यामुळे त्या सालच्या गाड्या वळणावर झुकतात. १९७७ मॉडेलपासून सुधारणा झाली. रबरी बंपरची गाडी स्वस्तात पडते आणि तिला वाईट म्हणण्याची फॅशन आहे, पण सडक्या क्रोम बंपरवालीपेक्षा सुकी रबरी बंपरवाली केव्हाही घ्या.

पेट्रोल, वायरिंग, टायर

शिशाचं पेट्रोल जगात कुठेच पंपावर मिळत नाही आता, शेवटचा देश अल्जीरिया, त्यांनी २०२१ मध्ये बंद केलं. एमजीबीसारख्या साठच्या दशकातल्या इंजिनात शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर बसतो त्या कडेला, वाचवायचं, ते गेल्यावर जोरात पळवलेल्या इंजिनाची सीट झिजते. इंजिनच्या हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का एवढं विचारा, बसवल्या असतील तर विषय संपला. मॉडेल ए चं कॉम्प्रेशन ४.२ च्या आसपास, आजच्या गाडीच्या निम्म्याहून कमी, तिला साधं पेट्रोल आरामात चालतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मात्र दोघींच्या जुन्या रबराला आणि गास्केटला खातं, पाइप नवीन घातलेत का ते बघा.

मॉडेल ए सहा व्होल्टवर चालते, आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या लोखंडाला जोडलेलं. तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो म्हणून केबल जाड पाहिजे, कुणी बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल टाकली असेल तर स्टार्टर आळशासारखा फिरतो आणि लोक बॅटरी बदलत बसतात. एमजीबी १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थ, नंतर निगेटिव्ह आणि डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. फोन चार्जर, नवीन रेडिओ जोडायच्या आधी हे तपासा, उलटं जोडलं की धूर.

टायरच्या नक्षीवर जाऊ नका, तारीख वाचा. वर्षाला पाचशे किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वाळून तडकतात. दहा वर्षांचे असतील तर ते बदलायचे पैसे किमतीतून वजा.

कागद

कागदावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतःच्या डोळ्याने जुळवा. एमजीबीला इंजिनाच्या बाजूला पाटी असते, ती सहज दिसते, पाटीचे रिव्हेट नवीन वाटले तर का ते विचारा. मॉडेल ए मध्ये गोम अशी आहे की इंजिनच्या डाव्या बाजूला नंबर ठोकलेला असतो आणि तोच नंबर चेसिसच्या डाव्या दांड्यावर, पण तो दांडा तिथे बॉडीखाली झाकलेला. म्हणून बऱ्याच गाड्यांची नोंद इंजिन नंबरवर झालेली आणि मधल्या नव्वद वर्षांत कुणीतरी इंजिन बदललेलं. यात लबाडीच असेल असं नाही, पण नाव तुमच्यावर करायला गेलात की अडकाल, त्यामुळे हे निस्तरायचं काम पैसे द्यायच्या आधी मालकाकडून करून घ्या, नंतर तो फोन उचलणार नाही.

रिस्टोर केलेली गाडी असेल तर प्रायमर मारायच्या आधीचे फोटो मागा. चांगलं काम करणाऱ्याकडे ते असतातच, तो दाखवायला उतावीळ असतो. पेंट झाल्यानंतरचेच फोटो असतील तर ते फक्त पेंटचे फोटो आहेत.

मग घ्यायची कुठली

पहिलीच जुनी गाडी असेल, महिन्यातून तीन-चार वेळा खरंच चालवायची असेल, आणि हायवे टाळता येणार नसेल तर एमजीबी, आणि तीही १९६८ ते १९७४ मधली, कारण पाच बेअरिंगचं इंजिन, चारही गिअरला सिंक्रोमेश, अल्टरनेटर, क्रोम बंपर, सगळं एका गाडीत मिळतं. त्यात पत्रा सुका पाहिजे ही अट काही झालं तरी सोडायची नाही. मनासारखी मिळाली नाही तर सहा महिने थांबा. पूर्ण नवीन बॉडीसुद्धा १९८८ पासून बनवून मिळते, ब्रिटिश मोटर हेरिटेजची, पण तो मार्ग म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

तुम्हाला पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन रविवार घालवायला आवडत असेल, आसपास शांत रस्ते असतील, वेगाचं वेड नसेल, तर मॉडेल ए घ्या आणि लोक काय म्हणतात त्याकडे बघू नका. शिकायला तिच्यासारखी गाडी नाही, इंजिन कसं चालतं ते तुम्हाला हातांनी कळतं, कारण जे काम आजच्या गाडीत कॉम्प्युटर करतो ते तिथे तुमचा डावा हात करतो.

आणि समजा समोर एक सुंदर दिसणारी पण सिल शंकास्पद असलेली एमजीबी आहे आणि एक रंग उडालेली पण बिनठोक्याची, लाकूड धड असलेली मॉडेल ए, किंमत सारखीच, तर मी डोळे झाकून मॉडेल ए घेईन. उलट मॉडेल ए ला ठोका आहे आणि एमजीबी सुकी आहे तर एमजीबी. दोन्ही खराब असतील तर दोन्ही सोडा, लाखांनी बनल्यात, तिसरी येईल. हे लाखांनी बनण्याचं महत्त्व तुमची जोडी वेगळी असेल तर आणखी वाढतं, दुर्मिळ गाडी बघत असाल तर इंजिनच्या आधी पुढची काच, क्रोमच्या पट्ट्या आणि गिअरबॉक्सचे गिअर आजही मिळतात का ते शोधा, पिस्टन कुणीतरी बनवून देईल, गोलाई असलेली काच बनवून मिळता मिळत नाही.

पैसे ठेवताना पूर्ण बजेट गाडीवर उडवू नका, निदान पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात शो करत हिंडायचं नाही. एमजीबी असेल तर सगळे ब्रेक होज नवीन, ब्रेक ऑइल नवीन, पेट्रोलचे पाइप नवीन, किंगपिनला ग्रीस. मॉडेल ए असेल तर ऑइल बदला, एकूण एक ग्रीस निपल भरा, चारही ब्रेक जुळवून घ्या आणि मागच्या दोन्ही हबचे नट तपासा, ते ढिले राहिले तर अॅक्सलची चावी तुटून गाडी जागच्या जागी उभी राहते आणि इंजिन मात्र मजेत चालू असतं.